बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यातील आगगाडीची मोटर बदलताना

उत्तरायण होऊन आठ-दहा दिवस झाले की वडोदऱ्यात आमच्या दांडिया बाजारातल्या घरी बंद पडलेल्या खेळण्यातील आगगाड्या येऊ लागतात. गच्चीवर दोन दिवस पतंग उडालेले असतात, तुटलेल्या दोरीचे तुकडे घरभर पसरलेले असतात, आणि फरशीवरून फिरणारी सेलची गाडी ते तुकडे चाकांच्या आसांवर गुंडाळून घेते. गाडी आणून देणारे आईवडील बहुधा सांगतात की मोटर जळली आहे, नवी बसवायला हवी. इंजिन उघडून आसावरची दोरी कापून काढली की त्यांतल्या बऱ्याच गाड्या जुन्याच मोटरवर पुन्हा धावतात. म्हणून हा लेख मोटर बदलण्याविषयी असला, तरी त्याची सुरुवात मोटर खरोखर बदलायला हवी आहे का, हे ठरवण्यापासून केली आहे.

येथे ज्या गाड्यांचा विचार केला आहे त्या एक किंवा दोन पेन्सिल सेलवर, म्हणजे दीड किंवा तीन व्होल्टवर, प्लास्टिकच्या अथवा लाकडी रुळांवर धावणाऱ्या गाड्या आहेत. धातूच्या रुळांतून वीज घेणाऱ्या हौशी मॉडेल गाड्यांची रचना निराळी असते आणि पुढे सांगितलेली मापे त्यांना लागू पडत नाहीत.

आधी दोष शोधावा

पहिली तपासणी सेलची. मल्टिमीटरवर नुसता सेल मोजला तर थकलेला सेलही चांगला आकडा दाखवतो, त्यामुळे सेल गाडीत बसवून, बटण चालू ठेवून त्याच्या दोन टोकांवर मोजमाप करावे. त्या अवस्थेत एका सेलवर १.१ व्होल्टपेक्षा कमी आकडा दिसत असेल, तर प्रथम सेल बदलावा. दोन सेलच्या गाडीत एक जुना आणि एक नवा असे मिश्रण करू नये, कारण जुना सेल लवकर पूर्ण रिकामा होऊन गळू लागतो.

गळलेल्या सेलमुळे पितळी पट्ट्यांवर आणि स्प्रिंगवर बसलेला थर हे बंद पडण्याचे दुसरे मोठे कारण आहे, आणि पावसाळाभर माळ्यावर पडून राहिलेल्या गाड्यांत ते हमखास आढळते. अल्कलाइन सेलमधून बाहेर येणारा द्रव क्षारधर्मी असतो. तो वाळून झालेली पांढरी भुकटी व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावलेल्या कापसाच्या काडीने पुसावी. साध्या, स्वस्त झिंक-कार्बन सेलचा द्रव आम्लधर्मी असतो, त्यासाठी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून वापरावा. नंतर दोन्ही बाबतीत ओलसर कापडाने पुसून जागा पूर्ण वाळू द्यावी. स्प्रिंग आतून खाल्ली गेली असेल, तर वरवरच्या सफाईने काम भागत नाही. ती बदलावीच लागते. हे काम करताना हातमोजे घालावेत आणि मुलांना दूर ठेवावे.

यानंतर गाडी उलटी धरून बटण चालू करावे आणि कानाने ऐकावे. नवशिक्यांनी मल्टिमीटरच्या आधी कानावर भरवसा ठेवायला शिकावे, असे माझे मत आहे, कारण आवाज फार नेमकी माहिती देतो. मोटर वेगाने फिरल्याचा आवाज येतो पण चाके हलत नाहीत, याचा अर्थ मोटर शाबूत आहे आणि तिच्या शाफ्टवरचे, म्हणजे बाहेर आलेल्या फिरत्या दांड्यावरचे, छोटे दातेरी चाक, म्हणजे पिनियन, तडकून मोकळे फिरत आहे. गाडी चालते पण ठरावीक अंतराने टक-टक असा आवाज येतो, तेव्हाही दोष पिनियनमध्येच असतो: तडकलेल्या जागी दोन दातांमधले अंतर वाढलेले असते आणि प्रत्येक फेऱ्यात एकदा तो दात समोरच्या चाकावर अडखळतो. मोटर घुमल्यासारखा मंद आवाज करते, तापते, पण फिरत नाही, अशा वेळी आसांवर दोरी, केस किंवा सतरंजीचे धागे अडकले आहेत का ते पाहावे. धागा ओढून काढू नये. आसाच्या दिशेने ब्लेड चालवून आधी कापावा आणि मग चिमट्याने उचलावा, नाहीतर तो चाकाच्या आणि चौकटीच्या फटीत आणखी खोल जातो.

अजिबात आवाज नसेल, तर बटणात दोष असू शकतो. ते वीस-तीस वेळा चालू-बंद केल्याने आतल्या पट्ट्यांवरचा पातळ थर घासला जाऊन गाडी चालू झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. हे सारे झाल्यावरही गाडी स्तब्ध राहिली, तरच ती उघडावी.

उघडल्यावर शेवटची परीक्षा मोटरची स्वतःची. एका चांगल्या सेलला दोन तारा लावून त्या थेट मोटरच्या दोन पायांना टेकवाव्यात. मोटर फिरली तर दोष बाहेरच्या जोडण्यांत आहे. ती फिरली नाही, पण शाफ्टला बोटाने हलकेच ढकलल्यावर सुरू झाली आणि पुन्हा एखाद्या ठरावीक जागीच थांबली, तर मोटर बदलण्याची वेळ आली आहे. या मोटरींच्या आतल्या फिरत्या भागावर तीन वेटोळी असतात आणि त्यांना वीज पोचवणाऱ्या कम्यूटेटरचे तीन तुकडे असतात. त्यांपैकी एक वेटोळे तुटले किंवा एक तुकडा झिजला की नेमकी अशी एक ‘मृत’ जागा तयार होते. मल्टिमीटर ओहमवर ठेवून शाफ्ट सावकाश फिरवल्यास चांगली मोटर सर्व जागी काही थोडे ओहम दाखवते, तर बिघडलेल्या मोटरीत एखाद्या जागी आकडा एकदम उडून परिपथ तुटल्याची खूण येते.

साहित्य

छोटे फुलीचे आणि चपटे स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, २५ वॉटची सोल्डरिंगची इस्त्री, आत रेझिन असलेली बारीक सोल्डर वायर, टोकदार चिमटा, व्हर्नियर कॅलिपर, कापसाच्या काड्या आणि थोडे पांढरे किंवा सिलिकॉन ग्रीस इतके पुरते. कॅलिपर प्लास्टिकचा असला तरी चालतो, पण तो असायलाच हवा; पट्टीने घेतलेल्या मापावर मोटर विकत आणली तर दुकानात दुसरी फेरी होते. काही गाड्यांचे स्क्रू तिकोनी डोक्याचे असतात आणि त्यांसाठी वेगळे टोक लागते. तिकोनी स्क्रूत चपटा ड्रायव्हर दामटून बसवल्यास डोके घासून गोल होते आणि मग स्क्रू काहीही केले तरी निघत नाही.

इंजिन उघडणे

सेल आधी काढून ठेवावेत. प्रत्येक टप्प्याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे, आणि निघालेले स्क्रू ज्या भोकातून निघाले त्या क्रमाने कागदावर मांडून त्यांवर चिकटपट्टी लावावी, कारण एकाच इंजिनात दोन-तीन लांबीचे स्क्रू असतात आणि लांब स्क्रू आखूड जागी घातला तर तो टपावरून बाहेर डोकावतो. सर्व स्क्रू काढूनही कवच सुटत नसेल, तर बळ लावू नये. स्टिकरखाली, सेलच्या झाकणाच्या आत किंवा चाकाच्या मागे एखादा स्क्रू लपलेला असतो. स्टिकरवरून बोट दाबत फिरवल्यास खाली खड्डा लागतो. कवचाला आतून प्लास्टिकच्या कड्या असतील, तर दोन्ही बाजूंनी थोडे थोडे उचलावे.

कवच उघडताना इंजिन सरळ, चाके खाली ठेवूनच उघडावे. दातेरी चाके पुष्कळदा आपापल्या खोबणीत नुसती ठेवलेली असतात आणि इंजिन उलटे केले की ती एकदम ओघळतात. ती कोणत्या क्रमाने, कोणती बाजू वर ठेवून बसली होती, हे छायाचित्रात स्पष्ट आल्याशिवाय एकही चाक उचलू नये.

मोटर ओळखणे आणि आणणे

खेळण्यांतील सर्वांत प्रचलित मोटर ‘वन-थर्टी’ या नावाने ओळखली जाते. तिचे पत्र्याचे अंग दोन बाजूंनी चपटे असते. चपट्या बाजूंमधले अंतर १५ मिलिमीटर, रुंदी २० मिलिमीटर, लांबी सुमारे २५ मिलिमीटर आणि शाफ्टचा व्यास २ मिलिमीटर. अरुंद इंजिनांत याहून लहान, १० बाय १२ मिलिमीटर अंगाची आणि १ मिलिमीटर शाफ्टची मोटर असते. या दोघी एकमेकींच्या जागी बसत नाहीत. मोटर काढल्यावर तिचे अंग, शाफ्टचा व्यास आणि अंगाबाहेर आलेली शाफ्टची लांबी, ही तीन मापे लिहून घ्यावीत. शिवाय शाफ्ट एकाच बाजूने बाहेर आहे की दोन्ही बाजूंनी, तेही नोंदवावे. पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही आसांना चालवणाऱ्या इंजिनांत दुहेरी शाफ्टची मोटर असते.

आपल्याकडे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत ही मोटर सहज मिळते आणि ती २० ते ५० रुपयांच्या घरात पडते. मी दुकानात ‘रमकडांनी मोटर’ असे गुजरातीत मागतो, तेव्हा बहुधा प्रथम पिवळ्या पेटीतली ‘बीओ मोटर’ समोर येते. ती गिअरपेटीसह असते आणि इंजिनात मावत नाही, मात्र तिच्या आत वन-थर्टी मापाचीच मोटर असते, त्यामुळे दुसरे काही मिळाले नाही तर पेटी उघडून ती काढून घेता येते. जुन्या टेपरेकॉर्डरची गोल मोटर मापानेही बसत नाही आणि तिच्यात वेग बांधून ठेवणारी जोडणी असते, म्हणून तिच्या वाटेला जाऊ नये.

माप जुळले तरी मोटरची आतली गुंडाळणी जुळेलच असे नाही, आणि नवशिक्यांची सर्वांत जास्त निराशा येथे होते. दीड व्होल्टसाठी गुंडाळलेली वन-थर्टी मोटर एका सेलवर, काही ओझे नसताना, मिनिटाला सुमारे ९,००० फेरे घेते आणि ०.२ अँपिअरच्या आसपास वीज ओढते. तीन व्होल्टसाठी गुंडाळलेली मोटर दोन सेलवर सुमारे १२,००० फेरे घेते. तीच एका सेलवर लावली की वेग निम्मा होतो आणि दोन डबे जोडले की चढावर ती थांबते. उलट, दीड व्होल्टची मोटर दोन सेलच्या गाडीत घातली तर ती प्रचंड वेगाने फिरते, तापते आणि थोड्याच दिवसांत तिचे ब्रश, म्हणजे कम्यूटेटरला टेकून त्याला वीज देणारे भाग, झिजतात. म्हणून दुकानात मोटर मागताना गाडी किती सेलवर चालते, ते सांगावे.

वेगवान मोटर घालून गाडी सुधारेल, असा समज मुलांचा असतो आणि कधी कधी त्यांच्या वडिलांचाही. थोडे गणित करून पाहावे. चाकाचा व्यास २० मिलिमीटर असेल, तर एका फेऱ्यात गाडी सुमारे ६३ मिलिमीटर पुढे जाते. ओझ्याखाली मोटर मिनिटाला ७,००० फेरे घेत असेल आणि दातेरी चाकांची रचना ३६ फेऱ्यांचा एक फेरा करत असेल, तर चाक मिनिटाला साधारण १९४ वेळा फिरते आणि गाडी सेकंदाला सुमारे २० सेंटिमीटर जाते. खेळण्याच्या रुळांचे वळण या वेगासाठीच काढलेले असते. वेग दुप्पट केला की पहिल्याच वळणावर इंजिन रूळ सोडते आणि मागचे डबे आडवे होतात. वडोदऱ्याच्या कमाटीबाग या उद्यानातल्या छोट्या गाडीत बसलेल्या मुलाला हे समजावणे सोपे जाते; ती गाडीही वळणावर सावकाशच घेत.

पिनियन काढणे आणि बसवणे

या सगळ्या कामाचा जीव पिनियनमध्ये आहे. नव्या मोटरवर पिनियन बहुधा नसते, किंवा असले तरी आपल्या गाडीच्या दातांशी जुळत नाही. त्यामुळे जुने पिनियन शाबूत असेल तर तेच काढून नव्या मोटरवर बसवावे लागते. काढण्यापूर्वी मोटरच्या तोंडापासून पिनियनच्या बाहेरच्या कडेपर्यंतचे अंतर कॅलिपरने मोजून लिहावे, कारण नव्या मोटरवर ते तितक्याच अंतरावर आले नाही तर दात समोरच्या चाकावर अर्धेच टेकतील.

पिनियन शाफ्टवर दाबून घट्ट बसवलेले असते. शाफ्ट २ मिलिमीटरचा असेल तर पिनियनचे भोक त्याहून किंचित लहान, १.९ मिलिमीटरच्या आसपास असते. ते काढण्यासाठी छोटा पुलर मिळतो. तो नसल्यास दोन पातळ चपटे स्क्रू ड्रायव्हर समोरासमोरच्या बाजूंनी पिनियनखाली घालून दोन्हीकडून एकाच वेळी, अगदी थोडे थोडे उचलावे. एकाच बाजूने उचकटल्यास शाफ्ट वाकतो, आणि वाकलेला शाफ्ट डोळ्यांना दिसत नसला तरी गाडी चालू झाल्यावर थरथरीतून कळतो. जुनी मोटर टाकूनच द्यायची असल्यामुळे तिच्या शाफ्टची पर्वा नाही, पण पिनियनच्या दातांवर ड्रायव्हरचे टोक घसरू देऊ नये.

पिनियन तडकलेले असेल तर नवे आणावे. तडक गोंदाने सांधण्याचा मोह होतो. तो सांधा टिकत नाही, आणि पातळ गोंद शाफ्टवरून वाहत मोटरच्या बेअरिंगमध्ये गेला तर नवी मोटरही कायमची जाम होते. नवे घेताना दोन गोष्टी जुळवाव्या लागतात: दातांची संख्या आणि दातांचा आकार. दातांचा आकार ‘मोड्यूल’ या अंकाने सांगतात, आणि तो काढण्याची रीत सोपी आहे. पिनियनचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजावा आणि त्याला दातांच्या संख्येत दोन मिळवून भागावे. आठ दातांच्या पिनियनचा व्यास ५ मिलिमीटर असेल, तर ५ भागिले १०, म्हणजे ०.५ मोड्यूल. दहा दात आणि ६ मिलिमीटर व्यास असला तरी उत्तर ०.५ च येते. खेळण्यांत हा ०.५ मोड्यूल सर्रास आढळतो आणि त्याची आठ व दहा दातांची प्लास्टिकची पिनियने पुडीने मिळतात. आठच्या जागी दहा दातांचे पिनियन घालू नये. ते व्यासाने मोठे असल्याने ठरलेल्या जागेत मावत नाही.

बसवताना घाई करू नये. प्लास्टिकचे पिनियन मिनिटभर कढत पाण्यात ठेवून चिमट्याने काढावे, पुसावे आणि लगेच शाफ्टवर सरळ धरून दाबावे. उष्णतेने भोक किंचित सैल होते आणि पिनियन न तडकता बसते. हातोडीने ठोकणे टाळावे. माझ्याकडून सुरुवातीच्या काळात एक कोरी मोटर अशीच वाया गेली होती: दोन हलके ठोके दिले, शाफ्ट आत सरकला, आतले कम्यूटेटर ब्रशवर आदळून ब्रश वाकले आणि मोटर एकदाही फिरली नाही. म्हणून दाब देताना शाफ्टच्या मागच्या टोकाला आधार हवा. मागे शाफ्टचे टोक उघडे दिसत असेल, तर ते सपाट धातूवर टेकवून पुढून पिनियन दाबावे, जेणेकरून सारा दाब शाफ्टमधून जाईल आणि मोटरच्या अंगावर येणार नाही. पिनियन आणि मोटरचे तोंड यांच्यात किमान अर्धा मिलिमीटर फट राहिली पाहिजे. शेवटी शाफ्ट बोटांनी फिरवून पाहावा. मोटर पूर्वीइतकीच मोकळी फिरायला हवी.

तारा जोडणे

तारा तोडण्यापूर्वी कोणत्या पायाला लाल आणि कोणत्या पायाला काळी तार होती, ते लिहून ठेवावे. जुन्या मोटरच्या पायांवर छोटी चकतीसारखी वस्तू लावलेली असेल आणि तिच्यावर १०४ हा आकडा असेल, तर तो ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होय. ब्रशवर उडणाऱ्या ठिणग्यांचा त्रास तो दाबतो. रिमोटवर चालणाऱ्या गाडीत तो नव्या मोटरवर लावलाच पाहिजे, अन्यथा गाडी मध्येच आज्ञा ऐकेनाशी होते.

मोटरचे पाय प्लास्टिकच्या टोपीत रोवलेले असतात आणि आतून त्यांनाच ब्रश जोडलेले असतात. इस्त्री फार वेळ टेकवली तर प्लास्टिक वितळते, पाय हलतो आणि त्याबरोबर ब्रशही जागचा सरकतो. यासाठी पाय आधी बारीक कानशीने किंचित घासून त्यावर थोडी सोल्डर चढवावी, तारेच्या टोकावरही चढवावी, आणि मग दोन्ही एकत्र टेकवून दोन-तीन सेकंदांत काम संपवावे. सांधा चकचकीत आणि गुळगुळीत दिसला म्हणजे तो पक्का आहे. मळकट, गोळ्यासारखा दिसला तर थंड झाल्यावर पुन्हा करावा.

बसवणी आणि चाचणी

मोटर जागेवर बसवण्यापूर्वी ती एका सेलवर, ओझ्याशिवाय, दोन्ही दिशांनी चार-पाच मिनिटे फिरवावी. नवे ब्रश कम्यूटेटरवर नीट बसतात. मग मोटर खोबणीत ठेवून दातेरी चाके छायाचित्राप्रमाणे लावावीत. दातांमध्ये अगदी थोडी ढिलाई हवी. मोटर खोबणीत डुलत असेल, तर तिच्या अंगाभोवती कापडी चिकटपट्टीचा एक वेढा द्यावा. ग्रीस दातांवर मोहरीएवढेच लावावे. खोबरेल तेल किंवा शिलाई मशीनचे तेल वापरू नये. ते धूळ आणि धागे धरून ठेवते आणि मोटरच्या आत झिरपले तर कम्यूटेटरवर काळा चिखल होतो.

कवच बंद करण्याआधी, मोटर आणि चाके जागेवर बोटाने धरून, गाडी चालवून पाहावी. ती मागे जात असेल तर मोटरच्या दोन तारांची अदलाबदल करावी. कवच लावताना तारा कडांमध्ये चिमटल्या जात नाहीत ना, ते पाहावे. प्रत्येक स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवावा. प्लास्टिकमधल्या जुन्या आट्यांवर तो खट्‌कन बसल्याचे हाताला कळते, आणि मग तो सुलटा आवळावा. असे केल्याने नवे आटे पडून भोक ढिले होत नाही.

आता डबे जोडून गाडी रुळांवर दहा मिनिटे सलग चालवावी आणि थांबल्यावर इंजिनाला हात लावावा. कोमट लागले तर ठीक. चटका बसण्याइतके तापले असेल, तर मोटर गाडीच्या व्होल्टची नाही किंवा दात घट्ट बसले आहेत. चार्ज होणारे निकेलचे सेल १.२ व्होल्टचे असतात, त्यांवर गाडी जराशी सावकाश धावते आणि त्यात काही बिघाड नाही. मात्र पेन्सिल सेलच्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे लिथियम सेल बाजारात मिळतात. ते या गाड्यांत कधीही घालू नयेत. एका सेलच्या गाडीतल्या मोटरला ते दुपटीहून अधिक व्होल्ट देतात.

काढलेली जुनी मोटर फेकण्यापूर्वी, मुलाला सोबत बसवून तिच्या पत्र्याच्या दोन पाकळ्या स्क्रू ड्रायव्हरने उचलाव्यात. टोपी निघाली की आत दोन वक्र चुंबक, तांब्याच्या तारेची तीन वेटोळी आणि झिजलेले ब्रश दिसतात. कोणते वेटोळे तुटले ते बहुधा मुलालाच आधी सापडते. चुंबक आणि सुटे ब्रश मात्र मोजून परत डबीत ठेवावेत, कारण घरात लहान भावंड असेल तर ते तोंडात जाऊ शकतात.